गळ्यातला कागद

माझ्या नातीला फिट येतात, हे मला परदेशात, मुलाकडे फेल्डहोवनला पोचल्यावर कळलं. फोनवर मुलगा नुसतं म्हणाला होता, "आई, तीन महिने ये. हिला शाळेतून आणायला कुणीतरी घरचं माणूस पाहिजे." मी म्हटलं, तिकडे तर सगळी पोरं सायकलवर एकटी फिरतात असं तूच सांगायचास. त्यावर तो तिकिटाचं बोलायला लागला. विमानतळावरून घरी जाताना गाडीत त्याने सांगितलं. सून पुढे बसली होती. तिनं मान वळवली नाही.

नात सात वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती तिथल्या भाषेत नाहीतर इंग्रजीत देते. माझ्याशी बोलताना मात्र एकेक मराठी शब्द आठवून आठवून पुढे ठेवते. पहिल्याच संध्याकाळी तिनं माझा हात धरून मला मागच्या अंगणातल्या लाकडी खोलीशी नेलं, मला दाराची कडी काढायला लावली आणि म्हणाली, "आजी, फीट्स."

मला वाटलं, हिला फिट येतेय. मी तिला तिथेच खाली बसवायला लागले, तिचं डोकं मांडीवर घ्यायला लागले, "अगं लवकर ये गं" म्हणून सुनेला हाक मारली. सून धावत आली. बघते तर पोर खदाखदा हसतेय आणि आत भिंतीला तिची जांभळी सायकल टांगलेली. तिथे सायकलीला फीट्स म्हणतात.

सून हसली नाही. "डॉक्टरांनी सध्या सायकल बंद केलीय," ती म्हणाली. "रोज एकदा तिला नुसती बघायची असते."

त्यानंतर रोज शाळेतून आलो की नात विचारायची, "आजी, फीट्स?" मी दार उघडून द्यायची. ती घंटी वाजवायची. मग आम्ही दार लावून घ्यायचो.

खरी फिट मी पाहिली ती एका सकाळी, न्याहारीच्या टेबलावर. लोणी लावून वर चॉकलेटची बारीक खडी पसरलेला पाव तिच्या हातात होता. तो पडला. डोळे वर गेले, अंग ताठ झालं आणि मग सगळं शरीर हिसके द्यायला लागलं. मी ओट्याकडे धावले आणि बुक्कीनं कांदा फोडला. आमच्या गावात कुणाला फिट आली की कांदा हुंगवतात, कांदा नसला तर चप्पल.

"आई, कांदा खाली ठेवा!" सून ओरडली. "तोंडाजवळ काही न्यायचं नाही. हात धरायचे नाहीत. कुशीवर वळवायचं, बस."

"बस म्हणजे? मग करायचं काय?"

"घड्याळाकडे बघायचं."

तिनं पोरीला कुशीवर वळवलं आणि खरंच घड्याळाकडे बघत बसली. तिचे ओठ पांढरे पडले होते. फार लांबली तर नाकात मारायचं औषध होतं, त्याची डबी तिनं मुठीत धरली होती. त्या दिवशी ती लागली नाही. फिट थांबली. पोर झोपली आणि मी नळाखाली हाताचा कांद्याचा वास धूत राहिले.

मग मुलानं मला एक शब्द पाठ करायला लावला. एपिलेप्सी. "रस्त्यात काही झालं तर एवढंच म्हण, आई. कुणीही समजेल." मी तो पाढ्यासारखा पाठ केला. भाजी चिरताना म्हणायची, जिना चढताना म्हणायची. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं आणि अनोळखी माणसापुढे मला माझी भाषासुद्धा नीट येत नाही. तरी तो शब्द मी घट्ट धरून ठेवला होता.

डॉक्टर चांगले होते. पण त्यांच्याकडून घरी आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?" की मुलगा म्हणायचा, "गोळी बदललीय. आता वाट बघायची." पुढच्या वेळी पुन्हा तेच. एवढं शिकलेला माझा मुलगा, मशीन बनवणाऱ्या मोठ्या कंपनीत कामाला, पण त्याच्याही हातात वाट बघण्यापलीकडे काही नव्हतं. मग माझ्या मनात ताईत आला.

आम्ही नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती. मिशनच्या आवारात वाढलेली मी. लहानपणी मला थंडीताप यायचा. दुपारी अंग थडथड उडायचं आणि वर चार गोधड्या टाकल्या तरी दात वाजायचे. आईला लिहिता येत नव्हतं. तिनं शाळेतल्या बाईंकडून एका पातळ कागदावर संरक्षणाचं स्तोत्र लिहून घेतलं, कोपऱ्यात क्रूस काढून घेतला, कागदाच्या घड्या घालून तो तिच्या लुगड्याच्या तुकड्यात शिवला. घामानं भिजू नये म्हणून वरून मेणबत्तीचं मेण लावलं आणि काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात बांधला.

उपासनेच्या दिवशी पाळकसाहेबांनी तो पाहिला. "प्रभूवर विश्वास आहे की दोऱ्यावर?" ते आईला म्हणाले. आई पदर तोंडाला लावून उभी राहिली. त्यांनी कात्री मागवली आणि दोरा कापला. पण ताईत मात्र त्यांनी आईच्या हातात परत दिला. आत प्रभूचं वचन होतं, ते फेकायचं कसं? आईनं घरी जाऊन तो माझ्या परकराच्या नेफ्यात शिवून टाकला. ताप गेला. आई म्हणायची ताईतानं गेला, मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या गोळ्यांनी गेला.

तर मी तसाच केला. स्तोत्र मला चौथीत पाठ झालेलं होतं. नातीच्या वहीचा एक कागद घेतला, तिच्याच पेन्सिलीनं लिहिलं, माझ्या जुन्या साडीच्या काठात शिवलं. मेण वाढदिवसाच्या मेणबत्तीचं. काळा दोरा मी येताना सुईदोऱ्याच्या डबीतून आणलेलाच होता. पोरीला तो आवडला. आरशात बघून म्हणाली, "छान."

संध्याकाळी सुनेनं तो काढला. रागानं नाही, कात्रीनंही नाही. गाठ हळूच सोडली.

"आई, गळ्यात दोरा नको. झटक्यात कुठे अडकला तर?"

"मग कमरेला बांधते."

"आई."

मुलगा म्हणाला, "तू चर्चमध्ये वाढलीस ना गं? आणि हे काय?"

सुनेनं कपाटाचा खण उघडला आणि ताईत आत ठेवला. तिथे आधीच एक लाल दोरा होता, मारुतीचं छोटं पदक असलेला. सून पुण्याची, हिंदू घरातली. तिच्या आईनं तो पाठवला होता.

त्याच आठवड्यात विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला. "काय हो, तुमचाही खणातच गेला का?" त्या म्हणाल्या.

"खणातच."

"बरं झालं. आमच्या मारुतीला एकट्याला करमत नव्हतं."

आम्ही दोघी हसलो. हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि मी फोन सुनेकडे दिला.

एका रविवारी आम्ही आगगाडीनं दुसऱ्या शहरातल्या म्युझियममध्ये गेलो. नातीला मिसरातली प्रेतं, ममी, बघायची होती, कापडात गुंडाळलेली. मला ती बघवेनात, म्हणून मी बाजूच्या काचेच्या पेटीपाशी थांबले. त्यात एक तपकिरी तुकडा होता, वाळक्या पानासारखा. त्यावर बारीक अक्षरं होती आणि आडव्याउभ्या घड्यांच्या रेषा. त्या रेषा मी ओळखल्या. तुकडा आधी लांबट दुमडायचा, मग आडवा, मग परत आडवा, म्हणजे बोटाच्या पेराएवढा होतो. आई अशाच घड्या घालायची.

"हे बघ, तुझ्या कामाचं," मुलगा मागून येऊन थट्टेनं म्हणाला आणि खालची पाटी वाचायला लागला. वाचता वाचता त्याची थट्टा गेली. "आई, हा ताईतच आहे गं. मिसरातल्या ख्रिस्ती लोकांचा. दीडएक हजार वर्षांपूर्वीचा."

"आपल्या लोकांचा?"

"अगदी सुरुवातीच्या. प्रार्थना लिहून, घडी घालून गळ्यात बांधायचे. बायका, लहान मुलं. तापावर, थंडी वाजण्यावर, झटक्यांवर. ओळीच्या आधी ही खूण आहे ना, तो क्रूस."

"आणि पाळक रागवायचे नाहीत?"

तो हसला. "रागवायचे. इथे लिहिलंय. बिशप मनाई करायचे, तरी लोक घालायचेच." मग आणखी वाकून म्हणाला, "आणि लिहिणाऱ्याला फारसं लिहिता येत नव्हतं. अक्षरं चुकलीत, एक ओळ राहूनच गेलीय."

मी काचेला नाक लावून ती ओळ कुठे राहिली ते शोधत होते. अर्थात मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. खाली कोपऱ्यात डाग होता, घामाचा असेल.

"बरं झालं का त्याला?" मी विचारलं.

"कुणाला?"

"ज्याच्यासाठी लिहिला त्याला."

मुलानं पाटी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. मी विचारलं म्हणून खरंच वाचली. "ते नाही लिहिलेलं, आई," तो म्हणाला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी रस्त्यातली फिट आली. शाळेतून आम्ही चालत येत होतो. आमच्या शेजारून मोठी मुलं सायकलवर जात होती आणि नात त्यांच्याकडे बघत होती. तिचा हात माझ्या हातात ताठ झाला. मी तिला धरून खाली बसले, पण ती माझ्या हातून निसटून पालथी पडली आणि हनुवटी फुटली. मी तिला घाईनं उताणी केली. सायकलच्या लाल रस्त्यावरच पडली. मागून येणारा एक पोरगा करकचून ब्रेक मारून उतरला. दोन बायका धावत आल्या, एक म्हातारी आणि एक तरुण.

त्या मला विचारायला लागल्या. मला कळत होतं की काय झालं असं विचारतायत. आणि माझा तो पाठ केलेला शब्द गेला. घासून पुसून गेला. तोंडात दुसराच आला.

"फिट," मी म्हणाले. "फिट! फिट!"

त्यांनी एकदम त्या सायकलवाल्या पोराकडे बघितलं. म्हातारी त्याच्यावर कडाडली. तो बिचारा हात हलवून नाही नाही म्हणत होता, सायकलकडे बोट दाखवत होता, लांब आहे म्हणून. मला तेव्हा समजलं. त्यांना वाटलं, सायकलनं उडवलं.

मी "नाही, नाही" म्हणत पोरीला कुशीवर वळवायला गेले, तर त्या तरुण बाईनं माझे दोन्ही हात धरले. आपल्या मानेवर हात ठेवून तिनं मला खूण केली, हलवू नका, मान. तिचं चुकत नव्हतं. सायकलनं उडवलेल्या पोराला हलवत नाहीत. तिनं नातीचं डोकं दोन्ही हातांत सरळ धरून ठेवलं, उताणी, आणि माझ्या नातीच्या घशात घरघर व्हायला लागली. मी मराठीत ओरडत होते, "कुशीवर घ्या हो, कुशीवर घ्या." कुणाला कळणार? माझा आवाज ऐकून म्हातारी मला थोपटत होती. धीर देत होती.

मग त्या तरुण बाईनं नातीच्या कोटाची चेन खाली ओढली आणि गळ्याशी चाचपायला लागली, या बाजूनं, त्या बाजूनं. मला वाटलं, ही ताईत शोधतेय. त्या वेळी मला यात काही चूकच वाटली नाही. मी तिला सांगितलं, "नाही हो, आहे, पण सुनेनं काढून ठेवलाय. खणात आहे."

ती मान हलवून माझ्याकडे बघत राहिली. आणि खण म्हटल्यावर मला माझी पिशवी आठवली. पिशवीत नाकातल्या औषधाची डबी होती. मी ती तिच्यापुढे धरली. तिनं डबीवरचं नाव वाचलं.

"एपिलेप्सी!" ती म्हणाली. माझा शब्द.

मी मान डोलावली, किती वेळा ते माहीत नाही. तिनं झटकन नातीला कुशीवर वळवलं, औषध नाकात मारलं. तोंडातून लाळ आणि रक्त वाहून गेलं आणि घरघर थांबली. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत ती बाई रस्त्यावर तिच्याशेजारी आडवी झोपून राहिली, तोंडाला तोंड लावल्यासारखी, काहीतरी बोलत. सायकलवाला पोरगा अजून उभाच होता. मी त्याच्याकडे हात जोडले. त्याला काय वाटलं कोण जाणे, तो रडायला लागला.

दवाखान्यात नर्सनं सुनेला सांगितलं ते सुनेनं मला घरी आल्यावर सांगितलं. ती बाई गळ्यात चाचपत होती ते मानेला मार लागलाय का बघायला, आणि दुसरं म्हणजे तिथे आजारी मुलांच्या गळ्यात एक पदक असतं, ते आहे का बघायला. त्यात कागद असतो. कुणाचं मूल, काय आजार, कोणतं औषध, कुणाला फोन करायचा.

"गळ्यात असतं?" मी विचारलं.

"हो. साखळी ओढली गेली की आपोआप सुटते. अडकत नाही." ती थांबली. "मला माहीत होतं, आई. शाळेनं मागेच सांगितलं होतं. मला ते तिच्या गळ्यात घालायचं नव्हतं."

तिला का घालायचं नव्हतं ते मी विचारलं नाही. घातलं की आजार कायमचा घरात घेतल्यासारखं वाटत असणार.

माझ्या जाण्याच्या आदल्या आठवड्यात पदक आलं. नाण्याएवढं, पोटात पोकळ, फिरवून उघडायचं. आत कागदाची लांब पट्टी. सुनेनं टेबलावर बसून तिथल्या भाषेत बारीक अक्षरात सगळं लिहिलं. मग घडी घालायला लागली. आधी लांबट, मग आडवी, मग परत आडवी. मी समोर लसूण सोलत बसले होते. माझा हात थांबला, तेव्हा तिनं वर बघितलं आणि तिचाही थांबला. तिनं पट्टी पुन्हा उलगडली.

"मागची बाजू कोरी आहे," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "हवं तर लिहा."

मी हात धुऊन, पुसून पेन घेतलं. स्तोत्र काही त्यात मावणार नव्हतं. मी आधी एक क्रूस काढला. मग दोन शब्द लिहिले, हिला सांभाळा. आणि पुन्हा एक क्रूस काढला.

सुनेनं वाचलं. "सांभाळा? तुम्ही तर प्रार्थनेत देवाला अरे-तुरे करता."

मी बघितलं. खरंच की. देवाला म्हणायचं तर सांभाळ. एक काना जास्तीचा पडला होता. घाईनं पडला की त्या रस्त्यावरच्या बाईचा चेहरा डोळ्यांपुढे होता म्हणून पडला, मला सांगता येणार नाही.

"चुकलं गं. खोडू का?"

"खोडलं तर फाटेल. राहू द्या. जो उघडेल त्याला."

"उघडणाऱ्याला मराठी कुठून येणार?"

"मग देवाला," सून म्हणाली. "तो घेईल काना काढून." बऱ्याच दिवसांनी ती थोडी हसली. पदक बंद करून तिनं पोरीच्या गळ्यात घातलं. नंतर पाहिलं तर खण अर्धवट उघडा होता. माझा ताईत आणि विहीणबाईंचा मारुती होते तिथेच होते.

मी गावाकडे परत आले. व्हिसा संपला की राहता येत नाही, आणि राहून तरी मी काय करणार होते? इथे सकाळी उठले की तिथे अजून अंधार असतो. पोर उठेपर्यंत मी हातात काही काम धरत नाही.

काल मुलाचा फोन आला. खेळायच्या बागेत नातीला फिट आली होती. या वेळी लांबली. एका अनोळखी माणसानं पदक उघडून वाचलं, सगळं नीट केलं. डॉक्टरांनी पुन्हा गोळी बदललीय.

"आता?" मी विचारलं.

"आता वाट बघायची, आई."

मग नात पडद्यावर आली. हनुवटीवर जुनी खूण होती, कपाळाला नवी पट्टी. औषधानं डोळे जड झालेले.

"आजी, ते मेनेअर विचारत होते, मागे काय लिहिलंय." मेनेअर म्हणजे तिकडचे गृहस्थ.

"मग तू काय सांगितलंस?"

तिनं विचार केला. शब्द सापडला नाही. "सांगितलं, आजी."

"बरं केलंस."

फोनवर मला कधीच काही बोलायला सुचत नाही. मग ती म्हणाली, "आजी, फीट्स?" आणि उत्तराची वाट न बघता फोन घेऊन निघाली. पडद्यावर जिना हलला, अंगण हललं, लाकडी दार आलं. कडी उंच आहे. ती मी काढून द्यायची. तिचा हात वर गेला, पुरला नाही, पुन्हा गेला. मी इथे बसून माझा हात वर केला होता. शेवटी ती कशावर तरी चढली असावी, कारण फोन खाली ठेवलेला होता आणि मला नुसतं आभाळ दिसत होतं, आणि मी ओरडत होते, "चढू नको गं, उतर, पडशील." माझा आवाज तिथल्या गवतात जात असेल.

बऱ्याच वेळानं घंटी ऐकू आली, दोनदा. मग दार लागल्याचा आवाज आला.